शेवटच्या गाण्यातली जागा

नोरीनने गाडीच्या चारही काचा वर केल्या आणि स्पीकरचा आवाज कमी केला. पुढे ये म्हटलं तरी आई मागेच बसली होती. पुढची सीट थोरल्या भावाची. तो गेल्यापासून नोरीन तिथे आपली बॅग ठेवायची.

"भाजून काढतेस का मला? उघड त्या काचा."

"कुणी ऐकेल, आई."

"त्याचा आवाज काढून टाकलास ना? मग कशाला भ्यायचं?"

काचा उतरल्या तशी अ‍ॅलिस शहराकडे जाणाऱ्या रस्त्याची लाल धूळ आत आली, पाठोपाठ कुत्र्यांचं भुंकणं. थोरला हिवाळ्यात गेला. गेलेल्याचं नाव घ्यायचं नाही, त्याचा आवाज ऐकायचा नाही, ही त्यांच्या आदिवासी वस्तीची रीत; तेव्हापासून तिथे कुणी त्याचं नाव घेत नव्हतं. भावाबहिणीचा पहिला अल्बम देशभर गाजलेला, पण तोही घराघरांतून उचलून ठेवला होता. घरचे म्हणतील तेव्हाच तो आवाज पुन्हा लागायचा. दुसरा अल्बम मात्र तयार होऊन पडला होता, आणि मेलबर्नची कंपनी आता थांबायला तयार नव्हती. आई नको म्हणाली तर तो गेल्यातच जमा. म्हणून नोरीनने काळजावर दगड ठेवून शेवटच्या गाण्यातला भावाचा आवाज काढला आणि त्याच्या ओळी दुसऱ्याकडून गाऊन घेतल्या.

गाणं संपेपर्यंत आई बाहेर बघत राहिली.

"पोरगा गातो चांगला. कुणाचा?"

"मेलबर्नचा आहे. पैसे देऊन बोलावला."

"तो नको."

नोरीन मागे वळली. "म्हणजे अल्बमच नको?"

"अल्बम येऊ दे की. त्या पोराचा आवाज नको म्हणते मी."

"मग तिथे काय घालू?"

"काही घालू नकोस. तुझ्या भावाची जागा आहे ती. वेळ झाली की मी सांगेन, तेव्हा त्याला परत आण."

"लोक म्हणतील, गाणं अर्धवट राहिलंय."

"राहिलंयच."

आई टोपीने वारा घेऊ लागली. मग म्हणाली, "कंपनीवाले कुरकुरले तर त्यांना इकडे पाठव. बघते मी."

नोरीनला हसू आलं. मग स्टिअरिंग धरून ती पोटभर रडली, भाऊ गेला तेव्हाही रडली नव्हती इतकी. आईने मागून तिच्या खांद्यावर हात ठेवला.

डोळे पुसून नोरीनने शेजारच्या, भावाच्या सीटवरची बॅग उचलली आणि मागे दिली. आईने ती मांडीवर घेतली.