ओढ्याकडे तोंड असलेलं दार

नव्या देवळाचं दार रस्त्याकडे असावं, असं आमचे तरुण पाद्री म्हणाले आणि मी भर सभेत उठले. मला खाली बस म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

एबेनेझर गिलक्राइस्ट आमचे पहिले पाद्री. समुद्रापलीकडच्या अल्स्टरहून आले तेव्हा अंगावर मांस नव्हतं, पण आवाज असा की गाई चरायच्या थांबत. व्हर्जिनियाच्या रानात आम्ही त्यांच्यासाठी ओंडक्यांचं देऊळ बांधलं, आणि दंडाधिकाऱ्याच्या पोटात दुखू लागलं. तो सरकारी चर्चचा माणूस, आमचा पंथ वेगळा. त्याने हुकूम काढला: गिलक्राइस्ट ओढ्याच्या अलीकडे प्रवचनाला उभा राहिला, तर थेट तुरुंग. पाद्रीबाबांची छाती खोकल्याने पोखरलेली. तुरुंगातल्या ओलीत त्यांना हिवाळा काढणं शक्य नव्हतं.

"थोडे दिवस गप्प बसा की, बाबा," माझा नवरा ह्यू म्हणाला.

"गप्प बसायला समुद्र ओलांडला का रे मी?"

ओढ्यापलीकडे दुसरा जिल्हा. तिथे प्रवचनाला परवानगी मिळाली होती, पण देऊळ नव्हतं.

"मग हेच न्या उचलून!" मी वैतागून म्हटलं. सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्याच सकाळी ओंडके उतरवायला घेतले. कमरेएवढ्या पाण्यातून ते ओढताना बायकाही मागे राहिल्या नाहीत. शनिवारी अंधार पडेपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. छप्पर तेवढं राहून गेलं.

रविवारी उजाडलं तसा ह्यूने कपाळावर हात मारला.

"बाबा, घाईत दार ओढ्याकडे बसलं! समोर दंडाधिकाऱ्याचा शेरीफ उभा आहे. थांबा, मागून दुसरं पाडतो."

"कुऱ्हाड ठेव. आज शब्बाथ, विश्रांतीचा वार आहे. शेरीफ आलाच आहे, तर ऐकेल बिचारा."

काल देऊळ होतं त्या मोकळ्या जागेवर शेरीफ बेड्या घेऊन उभा होता. त्याची हद्द काठाशीच संपत होती. उघड्या दारातून, उघड्या छपरातून पाद्रीबाबांचा आवाज बाहेर पडला. मग ह्यूने स्तोत्राची एकेक ओळ सांगितली आणि आम्ही सगळ्यांनी ती गळा फाडून म्हटली. शेवटच्या स्तोत्राला शेरीफने टोपी काढली. मी स्वतः पाहिलं, आणि आनंदाने तिथेच रडू लागले.

पुढच्या वसंतात तो जोडे हातात धरून ओढा उतरला, आमच्या बाकावर येऊन बसला. पाद्रीबाबा त्यानंतर वीस वर्षं त्याच दारासमोर उभे राहून बोलले.

एवढं सांगून मी खाली बसले.

"दार ओढ्याकडेच हवं, त्यांनी हात वर करा," तरुण पाद्री म्हणाले.

पहिला हात शेरीफच्या नातवाचा वर गेला.