उशिराचा खुलासा

बस डेपोतला वेळनोंदणी कारकून घरीही कारकूनच होता. डेपोत गाडी चार मिनिटं उशिरा आली की ड्रायव्हरकडून लेखी खुलासा घ्यायचा. घरच्या तेरा वर्षांच्या पोराला दोन किलोमीटर धावायला आठ सेकंद जास्त लागले तरी तेच. पोराने शाळेच्या मैदानाच्या पायरीवर बसून लिहायचं, 'वाऱ्यामुळे उशीर झाला.' बापाने तांबड्या शाईत शेरा मारायचा, 'कारण समाधानकारक नाही. उद्या दोन फेऱ्या जादा.'

गेल्या वर्षी हाच मुलगा धावण्यात शाळेत पहिला आला होता. आता क्रीडा वसतिगृहाची निवड चाचणी पंधरा दिवसांवर आली होती आणि पोर रोज मागे पडत होतं.

"अहो, तो जेवतानासुद्धा घड्याळाकडे बघतो," आई म्हणाली.

"बघू दे. शिस्त लागते."

खरं तर धास्ती बापालाच होती. पोराच्या वर्गमित्राला मिसरूड फुटलं, आवाज फुटला आणि तो बघता बघता पुढे निघून गेला. आपलं पोर संपलं की काय, या विचाराने बाप रात्री पुन्हा पुन्हा त्याच्या वेळांची वही चाळायचा. मोठ्यांच्या भीतीला घरात शिस्त म्हणतात, एवढंच.

त्या सकाळी पोरगा तिसऱ्या फेरीत मटकन खाली बसला. बापाने कागद पुढे केला. पोराने लिहिलं, 'दीड महिना टाचा दुखतायत. कारण समाधानकारक नसेल तर जादा फेऱ्या मारीन, पण आज नको.'

जवळ उभ्या क्रीडाशिक्षिकेने कागद वाचला. "याची उंची कधी मोजलीत?"

"उंचीचा इथे काय संबंध, बाई?"

"शाळेच्या नोंदीत आहे, सात महिन्यांत सात सेंटिमीटर वाढलाय. पाय लांबले, ताकद मागून येतेय. धावण्याची जुनी लय मोडली, नवी अजून बसायचीय. काही मुलांचं होतं असं. त्यात टाचेचं हाड वाढतंय, आणि तुम्ही त्यावर फेऱ्या चढवताय."

"पण तो वर्गमित्र..."

"तो लवकर मोठा झाला. हा मोठा होईल तसं याचंही हृदय, फुप्फुसं, स्नायू भरतील, दम वाढेल. तुमच्या गाड्यांना वेळापत्रक चालतं, कारण गाड्या वाटेत लांब होत नाहीत."

बापाचा आवाज बारीक झाला. "टाच कायमची गेली तर?"

"डॉक्टरांना दाखवा. बहुतेक वेळा विश्रांतीने बरी होते. दुखणं लपवायची सवय तेवढी लवकर बरी होत नाही."

बाप पोराशेजारी पायरीवर बसला. "यंदा चाचणी नको. आज डॉक्टरांकडे जाऊ."

"रागावलात, बाबा?"

"नाही रे. घाबरलोय."

वाचकहो, वाढत्या मुलाचा वेग मंदावला तर आधी मूल बघा, मग घड्याळ. एका वयाची मुलं एकाच दिवशी मोठी होत नाहीत. आणि ज्या घरात दुखण्यालाही मंजुरी लागते, तिथली मुलं दुखणं सांगायचं सोडून देतात.

पोरगा बापाच्या खांद्याचा आधार घेऊन उठला. दोन पावलं टाकून थांबला.

"बाबा, गुडघापण दुखतो. डावा."