गोल्ड क्लासमधली शेळी

मी नाशिकहून दोह्याला आलो तेव्हा वाटेत विमान दमलं. शेवटचा तासभर खिडकीतून हात काढून मीच वल्हवलं, म्हणून वेळेवर उतरलो. माझ्या सुनेला, नमिताला, हे अजून पटत नाही.

बिन महमूद भागातल्या तिच्या फ्लॅटमध्ये रोज सातला मराठी वाचन असतं. वाचणारा मी, आणि ऐकणारा एकटा एसी. नऊ वर्षांचा देवव्रत सोफ्यावरून उशांवर उड्या मारतो, सहा वर्षांची ईशा पडद्यात स्वतःला गुंडाळून घेते.

"बाबा, शुक्रवारपर्यंत बघते," नमिता म्हणाली. "दोघं वीस मिनिटं बसली नाहीत तर वाचन खलास. त्या वेळेत ऑनलाइन कोडिंगचा क्लास मिळतोय."

"यल्ला, चल! शुक्रवारी टायमर लावून समोर बस."

पुस्तक साधं होतं. एक शेळी बाजाराला जाते, परत येते. मंगळवारी मी सुरू केलं. "शेळी निघाली. मेट्रोच्या गोल्ड क्लासमध्ये बसली. शेजारच्या साहेबांचा पेपर खाल्ला आणि सगळ्या डब्याला बातम्या सांगू लागली."

देवव्रतची उडी राहून गेली. "आजोबा, यू आर लाइंग!"

"छापलंय तसं. मी काय करू?"

"व्हेअर?"

"शोध की. खोटं पकडलंस तर माझी मिशी ओढायची."

शाळेत हिंदी असल्यामुळे अक्षरं त्याच्या ओळखीची. बोट ठेवून त्यानं पान पालथं घातलं आणि मिशी ओढली. पडद्यातून ईशा धावली. "पिक्चरमध्ये पण मेट्रो नाहीये! मलापण ओढायची!"

बुधवारी शेळीनं वाळूचं वादळ शिंगांवर अडवलं. गुरुवारी तिनं भोपळ्याच्या भावात उंट विकत घेतला. माझी डावी मिशी निम्मी झाली, पण मी निर्धास्त होतो.

शुक्रवारी नमितानं टायमर लावला. मी घसा खाकरला आणि वाचलं, "शेळी बाजारातून घरी आली. ती पाणी प्यायली."

"लबाडी!" दोघं एकदम ओरडली. देवव्रतनं पुस्तक हिसकावलं. "शे... ळी... बा... जा... रा... तू... न..." शब्दन् शब्द खरा निघाला. तो चक्रावला.

"पुढे असणार! दादा, पुढे वाच!" ईशा त्याच्या मांडीवर चढली.

मी पाणी प्यायलो, बडीशेप खाल्ली, खुर्चीत पाय पसरले. एक खोटं सापडावं म्हणून पोरानं ओळीमागून ओळ वाचली, अडखळत, मराठीत. टायमर वाजला.

"मम्मा, श्श! खोटं पळून जाईल!" ईशा डाफरली.

नमितानं टायमर बंद केला. "कोडिंग शनिवारी सकाळी ठेवते, बाबा," ती म्हणाली. "पण खरं सांगा, आज एकही थाप नव्हती?"

"एकही नाही."

देवव्रतशेजारी बसून तिनंही पानावर बोट ठेवलं.