न धुतलेलं काही

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टची पानं दोनदा पुढे-मागे केली, तेव्हाच लॉन्ड्रीवालीने ओळखलं की आजही धड काही हाती लागायचं नाही. शेजारच्या खुर्चीत तिची नऊ वर्षांची लेक पाय लोंबकळत सोडून बसली होती. वर्षापूर्वी हीच पोर जिना दोन-दोन पायऱ्या गाळत चढायची. आता तिला उचलून आणावं लागे.

"एका जनुकात बदल सापडलाय," डॉक्टर म्हणाल्या. "एकाच अक्षराचा. पण हा बदल आजवर जगात कुणाच्याच नोंदीत नाही. आजार त्यानेच झाला की तो नुसताच तिथे आहे, ते आम्हाला सांगता येत नाही."

"म्हणजे माणूस पकडलाय, पण चोरी त्यानेच केली का ते माहीत नाही."

"अगदी तसंच."

याच जनुकासाठी एका नव्या औषधाची चाचणी सुरू होणार होती. पुढच्या महिन्यात पेशंटची यादी बंद व्हायची आणि त्या यादीला 'कदाचित' चालत नव्हतं. लॉन्ड्रीवालीच्या रक्तात तो बदल नव्हता. तिच्या धडधाकट नवऱ्यात असता, तर बदल निर्दोष सुटला असता. नसता, तर तो लेकीतच नव्याने उपजला असं ठरून संशय जवळजवळ पक्का झाला असता. पण नवरा दोन वर्षांपूर्वी ट्रकखाली गेला. अनाथाश्रमात वाढलेला माणूस, रक्ताचं कुणी नाही. हॉस्पिटलात घेतलेलं त्याचं रक्तही केव्हाच टाकून दिलेलं.

"त्यांची एखादी वस्तू असेल? ब्रश, कंगवा, घामाचा शर्ट. फक्त न धुतलेली हवी," डॉक्टर म्हणाल्या.

"न धुतलेली?" लॉन्ड्रीवालीने विचारलं.

धुण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा गिऱ्हाइकांना सांगायचा, "खून करून कपडे आणा, पोलीस हात हलवत परत जातील." तो गेला त्या आठवड्यात तिने ब्रश-कंगवे टाकले आणि कपडे धुवायला काढले. कॉलरी घासल्या, स्टार्च केला, घड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत भरल्या. दुसरं काहीच करता येत नव्हतं, म्हणून बिचारीने हातांना काम दिलं होतं.

घरी येताच तिने सगळं कपाट उपसलं. प्रत्येक कपडा हुंगला. लॉन्ड्रीत इस्त्री करणाऱ्या काकांनी दुकानाचा कोपरान् कोपरा पालथा घातला.

"वहिनी, एक रुमालसुद्धा नाही हो," ते मान खाली घालून म्हणाले.

"आई," पलंगावरून लेक हळूच म्हणाली, "मफलर होता."

लॉन्ड्रीवालीने हातातला शर्ट खाली ठेवला. दोन वर्षं पोरीने बापाचा सुती मफलर गादीच्या खोळीत लपवला होता. गेल्या महिन्यात खोळ बदलताना तो सापडला, मळून कडक झालेला. आजारी पोरीच्या उशाशी ही घाण कशाला, म्हणून तिने तो, तिच्या हातांना कायम ज्याचा वास यायचा, त्या साबणाच्या उकळत्या पाण्यात टाकला. बाबांचा वास जाईल, म्हणून पोर गयावया करत होती. नंतर दोन दिवस ती बोलली नव्हती.

"मला कुठे माहीत होतं गं," लॉन्ड्रीवाली म्हणाली.

"मला पण नव्हतं. मला नुसता वास हवा होता."

तरी मफलर पाठवला. बुडत्याने आणखी काय करायचं? तीन आठवड्यांनी डॉक्टरांचा फोन आला. तपासण्याजोगं त्यात काहीही उरलं नव्हतं. त्या बराच वेळ "माफ करा" म्हणत राहिल्या, जणू कपडा त्यांनीच धुतला होता. यादी शुक्रवारी बंद झाली. नवऱ्याचं बोलणं खरं ठरलं. सगळे हात हलवत परत गेले.

मफलर पाकिटातून परत आला. लॉन्ड्रीवालीने तो लेकीच्या मांडीवर ठेवला. पोरीने तो दोन्ही हातांनी उचलून नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"याला तुझा वास येतोय," ती म्हणाली आणि मफलर तिने आईला परत दिला.