किनाऱ्यावरचा माणूस

तुम्ही माझ्या मुलाला शनिवारी फोन केलात. सकाळी दहा चाळीसला एकदा, दुपारी सव्वातीनला एकदा. त्यानं उचलला नाही, म्हणून तुम्ही माझ्या अर्जावर शेरा मारलात की या माणसाला किनाऱ्यावर कुणी नाही, आणि माझी बोट रद्द केलीत. अर्जाच्या शेवटच्या चौकटीत मी स्वच्छ लिहिलं होतं: ट्रिपचा आठवडा सोडून एरवी शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत या नंबरवर फोन करू नये. ती चौकट तुम्हीच छापली होती. 'आणखी काही सांगायचं असल्यास.' मी सांगितलं. तुम्ही वाचलं नाहीत. हा माझा आरोप आहे आणि तो मी मागे घेणार नाही.

इंग्रजीत तुम्हाला तीन ईमेल करून झाल्या. तिन्हींना एकच छापील उत्तर आलं आणि खाली ओळ, की या ईमेलला उत्तर देऊ नये. म्हणून आता माझ्या भाषेत लिहितो. निदान शिव्या गिळाव्या लागणार नाहीत.

मी सायमन चेऊलकर. वय एकाहत्तर. कार्डिफमधल्या एका हॉस्पिटलच्या बॉयलरहाऊसमध्ये एकतीस वर्षं काढली. वॉर्ड गरम राहायचे ते माझ्यामुळे, डॉक्टरांमुळे नाही. माझी बायको दिना तिथेच नर्स होती. तिला जाऊन चार वर्षं झाली. मुलगा अव्हिएल लंडनजवळ स्टॅनमोरला असतो. त्याची बायको ऑर्ली ठाण्याची, दोन लहान मुलं. आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. शब्बाथला, म्हणजे काम आणि यंत्रं बंद ठेवायच्या विसाव्याच्या दिवशी, आमच्या घरी दिनाच्या हातचा दिवा लागायचा आणि त्याच्याच शेजारी टीव्हीही लागायचा. अव्हिएल मात्र नऊ वर्षांपूर्वी पक्का धार्मिक झाला. शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन ड्रॉवरमध्ये जातो तो शनिवारी अंधार पडल्यावर बाहेर येतो. जूनमध्ये अंधार पडायला साडेदहा होतात.

ट्रिप काय होती तेही सांगतो. तुमच्या वहीत ते सहा दिवसांचं एक बुकिंग होतं. माझा सबंध हिवाळा त्यात गेला होता.

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला तुमचं बंदर. तिथून एकोणीस फुटी, छोट्या केबिनची बोट भाड्यानं घ्यायची. गाइड नाही, नावाडी नाही, आपलं आपण. पहिले दोन दिवस नदीच्या मुखाबाहेर हळूहळू बोट चालवत सॅमन माशासाठी गळ ओढायचे. त्यासाठीही आधी पत्र लिहावं लागलं, कारण स्कॉटलंडमध्ये समुद्रातल्या सॅमनवरसुद्धा हक्क कुणाच्या तरी नावावर असतो. सॅमनला हे कुणी कळवलंय का, असं मी त्या पत्रात विचारलं होतं. तरी परवानगी आली. मालक बरा माणूस असावा. पकडलेला सॅमन परत सोडायचा, हा कायदा. हॅलिबट, तो मोठा चपटा मासा, तोही सोडायचा, हा तुमचा नियम. मला दोन्ही कबूल होतं.

हॅलिबटसाठी मधले तीन दिवस. दोन बेटांमधून तिथे पाणी असं धावतं की उधाणात शिशाचं वजन तळाला पोचतच नाही, आणि हॅलिबट तळाशी असतो. म्हणून भांग पाहिजे, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर उतरलेले दिवस. माझे वडील चौलचे. उधाण कधी आणि भांग कधी हे ते कॅलेंडरवरची तिथी बघून सांगायचे. अष्टमीला भांग, पाण्याला जोर कमी. मी तुमचं भरती-ओहोटीचं पुस्तक मागवून ताडून पाहिलं. चौदा जून, शुक्रवार, अष्टमी. शनिवारी पाण्याची ओढ सगळ्यात कमी, आणि दुपारी बारा दहापासून पंचवीस मिनिटं पाणी जागच्या जागी उभं राहणार. त्या पंचवीस मिनिटांसाठी मी सत्तराव्या वर्षी कार्डिफ बेमध्ये बोट चालवायचा कोर्स केला. रेडिओची परीक्षा दिली. वर्गात सगळी पोरं विशीतली. शिकवणारा मला 'यंग मॅन' म्हणायचा. मी पास झालो, त्यांतले दोघे नापास झाले.

एकट्यानं बोट न्यायची तर तुमच्या अर्जात एक चौकट भरावी लागते. शोअर कॉन्टॅक्ट. किनाऱ्यावरचा माणूस. तुम्ही ठरल्या वेळी परत आला नाहीत, तर जो ओरड करेल तो. नाव, नंबर, नातं. बाकी आठ पानं मी एका दुपारी भरली. ती चौकट अकरा दिवस कोरी होती.

आधी रीडिंग गावच्या मोहनला फोन केला. चाळीस वर्षांची दोस्ती. खरं तर ही ट्रिप दोघांची ठरली होती, गळाच्या काठ्या त्यानंच घेतल्या होत्या. मग त्याच्या छातीत स्टेंट बसला आणि त्याची मुलगी तनू हिनं बोट या शब्दालाच बंदी घातली.

"काय करायचं असतं रे त्यात?" मोहननं विचारलं.

"संध्याकाळी सहाला माझा फोन येईल. सातपर्यंत आला नाही, तर कोस्टगार्डला कळवायचं."

"सहाला? अरे, सहाला मी जेवून घोरत असतो. आणि गोळी घेतली की नाही हे मला तनूला विचारावं लागतं. माझं नाव घातलंस ना, तर तू बुडशील आणि मला आठवेल गुरुवारी."

"मग गुरुवारी कळव."

"सायम्या, गंमत नाही करत आहे मी." त्याचा आवाज बदलला. "खरंच विसरतो आता. नको माझ्या डोक्यावर ठेवूस."

मग शेजारी गेलो. चौदा वर्षं भिंतीला भिंत लागून आहे. दार वाजवेपर्यंत मला बाईंचं नाव माहीत नव्हतं. मायरा. त्यांना वाटलं मी कचऱ्याच्या डब्यांबद्दल भांडायला आलोय. मी कागद दाखवला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, हे मान्य करतो. मग म्हणाल्या, "नको हो. तुमचं काही बरंवाईट झालं तर मला झोप लागणार नाही." आणि मला दोन बिस्किटं दिली. दार बंद झाल्यावर ती हातात घेऊन मी उभा होतो.

राहिला अव्हिएल. त्याला शेवटी का विचारलं? कारण तो नाही म्हणाला असता, तर पुढे विचारायला कुणी नव्हतं.

तो दर रविवारी सकाळी फोन करतो. मुलांना आवरता आवरता, स्पीकरवर.

"पप्पा, ते रोज असते का? शनिवारी पण?"

"मासे शनिवारी कुठे जातात?"

"शनिवारी माझी फोन ड्रॉवरमध्ये असते, यू नो दॅट."

"मग ड्रॉवर उघडा ठेव."

मागे ऑर्ली ओरडत होती, बूट घाला, बूट, दुसरा कुठाय?

"तुम्ही शनिवारी हॉटेलमध्ये बसा ना. संडेला जा बोटमध्ये."

"रविवारी पाण्याला ओढ वाढते."

"फिश पाहिजे तर मी पाठवतो. आमच्या कोशर दुकानात हॅलिबट मिळतो, व्हेरी फ्रेश."

"खायचा नाहीये. पकडायचा, बघायचा, सोडायचा."

"म्हणजे एवढा लांब जाऊन रिकामी हात? पप्पा, धिस इज नॉट अ प्लॅन. आणि तुम्ही परत नाही आला तर? मी इथे टेबलवर बसून जेवत असेल आणि तुम्ही पाण्यात?"

"तेच विचारतोय, अव्हिएल. तू उठशील का?"

तो म्हणाला, "मला रॅबायला विचारावं लागेल."

धर्मगुरूला! माझं डोकं फिरलं. बाप बुडतोय का एवढं बघायला तुला परवानगी लागते का, असं आणि आणखीही बरंच बोललो. त्यातलं काही दिनाच्या नावानं बोललो, ते बोलायला नको होतं. त्यानं फोन ठेवला. पुढचे दोन रविवार फोन आला नाही. मी बोटीच्या टाकीतल्या पेट्रोलचा हिशोब चार वेळा करून पाहिला, उत्तर दर वेळी तेच आलं.

तिसऱ्या रविवारी आला. स्पीकरवर नव्हता. गाडीत बसून बोलत होता बहुतेक.

"मी विचारलं," तो म्हणाला. "रॅबाय म्हणाले, जिवाचं प्रश्न असेल तर फोन उचलायचं, त्यात विचारायचं पण नाही. त्या आठवड्यात मी फोन चालू ठेवणार. किचनच्या शेल्फवर. वाजली तर मी उचलणार, सातपर्यंत नाही वाजली तर कोस्टगार्डला करणार."

"बरं," मी म्हणालो.

"आणि त्यांनी मला विचारलं, तुझे फादर बोटमध्ये एकटे का जातात? मला आन्सर नाही देता आला."

मीही दिलं नाही. तुम्हाला देतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आठवड्याचे सहा दिवस मी मुलाला फोन करत नाही, पण करू शकतो. त्या माहितीवर माझे सहा दिवस निघतात. शनिवारी तेही नसतं. दिना होती तेव्हा शनिवार कधी यायचा आणि कधी जायचा, पत्ता नसायचा. आता शुक्रवारी संध्याकाळी सूर्य खाली गेला की पुढच्या चोवीस-पंचवीस तासांत मी जिन्यावरून पडलो तरी माझ्या माणसाला कळणार नाही. म्हणून शनिवारी मी टेबलावर समुद्राचा नकाशा पसरायचो. सबंध ट्रिप शनिवारी शनिवारी ठरली. आणि आता त्यातल्या एका शनिवारी माझा मुलगा शेल्फकडे लक्ष ठेवून बसणार होता. त्या दिवशी मी ती चौकट शाईनं भरली. नातं: मुलगा.

आणि तुम्ही काय केलंत? ट्रिपच्या आठवड्यात नाही, महिनाभर आधी, अकरा मेला, नंबर खरा आहे का हे बघायला शनिवार निवडलात. फोन ड्रॉवरमध्ये होता. निरोप ठेवला नाहीत. सोमवारी बोट रद्द.

आमच्या पूर्वजांना कोकणात शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे होते त्यांचे, आणि शनिवारी घाणा बंद. गावात कुणाला लिहायला-वाचायला येत नसेल, पण शनिवारी आमच्या दारात भांडं घेऊन कुणी उभं राहत नसे. तेल संपलं तर शुक्रवारी यायचे, नाहीतर रविवारी. कोणतीही चौकट भरून न घेता त्यांना ते माहीत होतं. तुमच्यापाशी कागद होता, त्यावर माझी सही होती, तरी तुम्हाला कळलं नाही.

मी ऑफिसला फोन केला. तुमचा माणूस सभ्य होता, आवाज चढवला नाही. म्हणाला, सर, तुमच्या माणसानं दोनदा फोन उचलला नाही, आम्ही काय समजायचं? मी शब्बाथ समजावून सांगितला. तो म्हणाला, आय अंडरस्टँड. मग विचारलं, "दुसरं कुणी आहे का, सर?"

मी फोन ठेवला.

अव्हिएलला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "माझ्यामुळे गेला तुमचं बोट." मी म्हणालो, त्यांच्यामुळे. तो म्हणाला, "नाही. फोन वाजला आणि मी उचलला नाही. त्यांना सांगा परत करायला. कुठल्या पण दिवशी. मी उचलणार." तसं मी तुम्हाला दुसऱ्या ईमेलमध्ये लिहिलं. तुमचं उत्तर: आपली विनंती विचाराधीन आहे.

पंधरा जूनला मी स्वयंपाकघरात होतो. बारा दहाला घड्याळाकडे बघितलं आणि बारा पस्तीसपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो. मग भांडी घासली.

गेल्या बुधवारी ऑर्लीचा फोन आला, तिच्या कामाच्या मधल्या सुट्टीत. ती कधी एकटी फोन करत नाही.

"पप्पा, त्या बोटवाल्यांचं काय झालं हो? त्यांना एकदा काय ते बोलायला सांगा ना."

"का गं?"

"अहो, हे अजून फोन बाहेरच ठेवतात. सात शनिवार झाले. जेवताना डोळे तिकडेच. मुलं विचारतात, डॅडी कुणाची वाट बघतोय? परवाच्या शनिवारी वाजला. हे धावत गेले, खुर्ची पडली, नऊ वर्षांत पहिल्यांदा शब्बाथला फोन उचलला. आणि पलीकडे कोण, तर गाडीचा विमा विकणारी बाई. ती आपली बोलतेय, बोलतेय, आणि हे म्हणतायत, येस, आय ॲम हिज सन, आय ॲम हिज सन."

मी खुर्ची ओढून बसलो.

"नंतर जेवले नाहीत," ऑर्ली म्हणाली. "तुम्ही सांगा ना त्यांना, की ट्रिप गेली, आता फोन नाही आला तरी चालेल. तुमचं ऐकतील."

मी हो म्हणालो. आज रविवार. सकाळी अव्हिएलचा फोन आला, वीस मिनिटं बोललो, पाऊस, मुलांची शाळा, मोहनची तब्येत. हे सांगितलं नाही. तोंडाशी आलं होतं. एकदा सांगितलं, की येत्या शुक्रवारी तो फोन पुन्हा ड्रॉवरमध्ये जाईल, आणि ते बरोबरच होईल. पण कालचा धरून गेले आठ शनिवार स्टॅनमोरला एक माणूस माझ्या नावानं जागा आहे, आणि हे माहीत असताना आपल्या हातानं ते बंद करायला लागणारी हिंमत माझ्यात नाही. झालं? लिहिलं एकदाचं. मुलाचा शब्बाथ नासवतोय मी, आणि मला ते ठाऊक आहे.

म्हणून तुम्हाला विचारतोय. बोट नको. भाड्याचे पैसे तुमच्याकडेच ठेवा. पुढच्या वर्षीचा भांगही नको. तुम्ही एका माणसाला सांगितलंत की तो आपल्या बापासाठी उठला नाही, आणि विषय विचाराधीन ठेवून तुम्ही घरी गेलात. तो अजून उभा आहे. त्याला फोन करा, सोमवार ते गुरुवार, दिवसाउजेडी, आणि चूक तुमची होती हे त्याला तोंडानं सांगा. करणार असाल तर वार आणि वेळ कळवा. करणार नसाल तर तसं सहीनिशी लिहून द्या, मी ते त्याला वाचून दाखवतो. दोन्हींपैकी काय करताय? शुक्रवारच्या आत उत्तर पाहिजे.