विहिणीचा निरोप

अरुणाला या सहलीला जायचं नव्हतं. तिकिटं तिच्या लेकीने, इराने काढली आणि काढून झाल्यावर सांगितलं. शनिवारी सकाळी सिंगापूरच्या जुरोंग ईस्टहून बस, मग हद्द ओलांडून मलेशियातलं कुकुप नावाचं कोळ्यांचं गाव, तिथे बोटीची फेरी, जेवण आणि संध्याकाळी परत. जाणार दोघीच. अरुणा आणि तिची विहीण सविता.

"जाई झाल्यापासून तुम्ही दोघी घराबाहेरच पडला नाहीत," इरा म्हणाली. "जरा चेंज होईल."

अरुणा साताऱ्याहून लेकीच्या बाळंतपणासाठी आली होती. नवरा प्रकाश तिकडे एकटा डबा लावून राहत होता, आणि अजून महिनाभराने तिला परत जायचंच होतं. सविताचं तसं नव्हतं. तिचे यजमान निशिकांतराव वारले तेव्हा त्यांचा मुलगा, इराचा नवरा रुचिर, पुण्याला गेला होता आणि दिवसकार्य उरकल्यावर आईला घेऊनच सिंगापूरला परतला होता. "आता इथेच राहायचं," असं त्याने बहीण गार्गी आणि सगळ्या नातेवाइकांसमोर सांगितलं होतं. कोथरूडचा फ्लॅट भाड्याने दिला. सेम्बावांगच्या दोन बेडरूमच्या घरात सविताला एक खोली मिळाली. अरुणा आल्यापासून त्या खोलीत दोन पलंग होते.

सहलीच्या आदल्या संध्याकाळी सविता खाली सोसायटीच्या बागेत चालायला गेली, तेव्हा इराने आईला आपल्या खोलीत बोलावलं. जाई दूध पीत होती. इरा तिच्याकडे बघतच बोलली.

"आई, पुढच्या महिन्यात मी ऑफिसला जॉइन होणार. हेल्पर ठरवलीये आम्ही. तिला झोपायला जागा लागणार."

"मी तर जाणारच आहे."

"तुझं नाही म्हणत मी." इराने जाईचं दुपटं सारखं केलं. "रुचिरच्या आईंचा इथे राहायचा पास संपतोय. रुचिर तो रिन्यू करणार नाहीये. त्यांनी काही दिवस नाशिकला गार्गीताईकडे राहावं असं वाटतंय आम्हाला."

"काही दिवस म्हणजे?"

इराने जाईला दुसऱ्या बाजूला घेतलं.

"मग रुचिरने सांगावं त्यांना."

"त्याला जमत नाहीये गं. परवा बसला होता त्यांच्यासमोर. पंख्याच्या रेग्युलेटरबद्दल बोलून उठून आला. तू उद्या सांगशील का? निवांत असाल तुम्ही दोघी."

अरुणाने मान वर केली तर दारात रुचिर उभा होता. केव्हापासून, कोण जाणे. "काकू, प्लीज," तो म्हणाला. "आई तुमचं ऐकेल." एवढं बोलून तो बाहेर गेला आणि त्याने टीव्ही लावला.

अरुणा हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही. लेकीच्या घरी आलेली आई जितपत बोलू शकते तितपतच ती बोलली.

सकाळी दोघी लाल लाइनच्या एमआरटीने, तिथल्या मेट्रोने, जुरोंग ईस्टला आल्या. गाइडचं नाव व्हिन्सेंट. पन्नाशीचा, हातात पिवळी छत्री. बस निघाल्यावर त्याने पुन्हा पुन्हा बजावलं की तपासणीला उतरताना सगळं सामान बरोबर घ्या, आणि आपली बस ओळखून ठेवा, चुकीच्या बसमध्ये बसलात तर मी जबाबदार नाही. बस तुआसच्या हद्दीवरच्या नाक्याला थांबली. सगळे उतरले, शिक्का घेऊन चढले. बस समुद्रावरच्या लांब पुलावरून पलीकडे गेली. सगळे पुन्हा उतरले. सविता प्रत्येक वेळी खिडकीची जागा सोडून अरुणाला म्हणायची, "बसा तुम्ही आता," आणि अरुणा म्हणायची, "छे, तुम्हीच बसा." त्यांचं नातं एवढंच होतं. स्वयंपाकघरात एकमेकींच्या हातातलं काम काढून घ्यायचं, आणि काढून घेतलं म्हणून मनात धरायचं.

पुलापलीकडे दोन्ही बाजूंना पाम तेलाच्या झाडांच्या रांगा लागल्या. आता सांगावं, असं अरुणाच्या मनात आलं. पण पुढच्या सीटवरच्या बाईने खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी मागे केली आणि सविता तिच्याशी मोडक्या हिंदीत बोलू लागली. मग एका दुकानाशी थांबणं झालं. तिथे माशांचे पापड आणि अननसाची बिस्किटं होती. सविताने बिस्किटांची दोन पाकिटं घेतली. "एक गार्गीला पाठवीन कुणाबरोबर," ती म्हणाली. अरुणा दुसऱ्या मांडणीकडे वळली.

कुकुपची घरं पाण्यात रोवलेल्या खांबांवर होती. दारातून दारात जायला फळ्यांचे रस्ते, खाली चिखल. जेवण असंच खांबांवरच्या एका हॉटेलात होतं. गोल टेबलावर खेकडे आले, कोळंबी आली, अख्खा वाफवलेला मासा आला. सविता शाकाहारी, म्हणून तिच्यापुढे वेगळी हिरवी भाजी आणि भात ठेवला. अरुणाने मासा वाढून घेतला आणि मग ताटली जरा आपल्याकडे ओढली.

"खा हो," सविता म्हणाली. "मला वासाचं काही नाही. निशिकांत चोरून खायचे. मला वाटायचं, मला माहीत नाही असं त्यांना वाटतंय, तर वाटू दे."

हे सविताने आजवर कधी सांगितलं नव्हतं. अरुणाने ताटली परत जागेवर सरकवली.

जेवण झाल्यावर नारिंगी लाइफ जॅकेट घालून सगळे बोटीत बसले. आधी माशांच्या तराफ्यावर नेलं. समुद्रात बांधलेली जाळी, त्यावर फळ्या. तिथल्या माणसाने पाणी थुंकणारा मासा दाखवला. काठीला पावाचा तुकडा लावून पाण्यावर धरायचा, की मासा खालून पिचकारी मारून तो पाडतो. कुणाला करून बघायचंय, असं विचारल्यावर सविता सर्वांत आधी पुढे गेली. तिने काठी घेतली नाही, बोटांच्या चिमटीत पाव धरला. पिचकारी नेमकी तिच्या चष्म्यावर बसली. सविता खळखळून हसली. अरुणाने तिला असं हसताना पाहिलंच नव्हतं. त्या घरात अडुसष्ट वर्षांची ही बाई दिवसभर आवाज न करता वावरायची, भांडंसुद्धा अलगद टेकवून ठेवायची.

तिथून बोट खारफुटीच्या बेटाला वळसा घालायला निघाली. इंजिनाचा आवाज एवढा की शेजारच्याचं बोलणं कळेना. व्हिन्सेंट हातानेच दाखवत होता. तिकडे इंडोनेशिया, ती मोठी जहाजं सिंगापूरला चाललेली. सविता चष्मा पुसत होती. अरुणाला वाटलं, आता नाही तर मग बस, मग घर, मग रुचिरचा चेहरा. आणि या आवाजात बोलणं सोपंही जाईल.

"सविताताई, मला तुम्हाला एक सांगायचंय!"

"काय?"

"म्हटलं, सांगायचंय एक!"

"ऐकू येत नाही हो!"

अरुणा तिच्या कानाशी वाकली आणि मोठ्याने बोलू लागली. इराची नोकरी, हेल्पर, खोली. सविताने मान हलवली, हात कानामागे धरला. अरुणाने आवाज आणखी चढवला. तेवढ्यात चिखलातली माकडं दाखवायला नावाड्याने इंजिन बंद केलं.

"रुचिरला वाटतंय तुम्ही नाशिकला जाऊन राहावं!"

तिचा आवाज पाण्यावरून पार खारफुटीपर्यंत गेला. बोटीतली सगळी माणसं वळून बघू लागली. मराठी कुणालाच येत नव्हतं. शेंगदाण्यांवाली बाई हसली, तिला वाटलं माकडाबद्दलच काही असेल. 

सविताने चष्मा डोळ्यांवर चढवला. "मला माहीत आहे," ती साध्या आवाजात म्हणाली.

"कधीपासून?"

"चार-पाच दिवस झाले. टेलिफोन एक्सचेंजमध्ये नोकरी केली मी सगळी. ऐकायचं नसलं तरी ऐकू येतं. आणि त्या घराच्या भिंती तुम्हाला माहीत आहेत."

"मग सकाळपासून मला का नाही बोललात?"

"तुम्ही सांगाल असं वाटलं नव्हतं. मला वाटलं, रुचिर सांगेल. काल मी बागेतून वर आले आणि तुम्ही त्या खोलीतून बाहेर आलात ना, तेव्हा कळलं."

व्हिन्सेंट माकडांकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होता. चिखलात निवट्या मासोळ्या उड्या मारत होत्या. बोट हळूहळू वाहत चालली होती.

"मी नको म्हणायला हवं होतं," अरुणा म्हणाली.

"लेकीला कसं नको म्हणणार तुम्ही? मीही नसतं म्हटलं." सविता पाण्याकडे बघत राहिली. "जायचं मला काही वाटत नाही, अरुणाताई. खरंच सांगते. इथे सकाळी उठून मी काय करू, याचं मला दोन वर्षांत उत्तर मिळालेलं नाही. पण तो मला घेऊन आला ना? सगळ्यांच्या देखत घेऊन आला. मग पाठवायचं असेल तर पाठव. मधे विहीण कशाला?"

अरुणाने जॅकेटचा पट्टा ओढून घट्ट केला.

"माझं एक काम कराल?"

"सांगा की."

"तुम्ही मला काही सांगितलंच नाही, असं सांगा त्याला."

नावाड्याने इंजिन सुरू केलं. अरुणाने नुसती मान हलवली. 

परत येताना तुआसच्या यंत्रावर सविताचा अंगठा उमटेना. तिने तो पदराला पुसला, पुन्हा ठेवला. शेवटी तिला खिडकीकडे पाठवलं. अरुणा पलीकडे थांबून राहिली. अधिकारी तरुण मुलगी होती. तिने पास पाहिला, तारीख पाहिली.

"ऑन्टी, धिस वन एक्स्पायरिंग सून. यू एक्स्टेंडिंग, इज इट?"

"माय सन नोज," सविता म्हणाली. "ही विल टेल मी."

मुलीने शिक्का मारला.

सेम्बावांग स्टेशनवर रुचिर न्यायला आला होता. त्याने आईच्या हातातली पिशवी घेतली, कशी झाली ट्रिप विचारलं, आणि सविता पुढे चालू लागल्यावर अरुणाकडे पाहिलं.

"नाही झालं बोलणं," अरुणा म्हणाली. "बोटीत आवाज फार."

त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटल्यासारखं काहीतरी आलं, मग लगेच गेलं. "उद्या सांगाल?"

"नाही. मी नाही सांगणार, रुचिर. तुझी आई आहे."

ती जावयाला पहिल्यांदाच असं काही बोलली होती. घरी इराला कळल्यावर ती चिडली. "एवढंसं काम होतं," म्हणाली, आणि दोन दिवस आईशी कामापुरतंच बोलली. अरुणाने ते सोसलं. जाईला तेल लावताना ती आणि सविता आता आळीपाळीने बसायच्या. कुणाची पद्धत बरोबर, हा वाद कुणी काढला नाही.

रुचिरला आठवडा लागला. त्या आठवड्यात तो ऑफिसातून उशिरा यायचा, आईची औषधं न सांगता आणून ठेवायचा. एकदा तर त्याने तिला नवा मोबाइल घ्यायचा का विचारलं. सविता हो किंवा नाही एवढंच म्हणायची. ती त्याला वाट काढून देत नव्हती, हे अरुणाला दिसत होतं. ते बघवतही नव्हतं.

रविवारी सकाळी तो आईला कॉफी प्यायला खाली घेऊन गेला. दोघं बराच वेळ आली नाहीत. आली तेव्हा रुचिर सरळ बाथरूममध्ये गेला आणि सविता खोलीत येऊन पलंगावर बसली.

"सांगितलं," ती म्हणाली. "अर्धं इंग्रजीत सांगितलं. टेम्पररी म्हणाला, अरेंजमेंट म्हणाला. मग रडला."

"आणि तुम्ही?"

"मी म्हटलं, नाशिकला नाही जाणार. गार्गीचं घर भरलेलं आहे. कोथरूडच्या भाडेकरूला नोटीस दे, मी माझ्या घरी जाईन. तोवर महिना-दोन महिने गार्गीकडे काढीन." तिने पायातल्या चपला काढून पलंगाखाली सारल्या. "त्याला हे सुचलंच नव्हतं. मलाही तिथे खाली बसल्यावरच सुचलं."

"एकट्या राहाल?"

"बघू."

सविता अरुणाच्या आधी पंधरा दिवस गेली. विमानतळावर रुचिरने आईला बराच वेळ धरून ठेवलं. सविता त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती आणि त्याच्या खांद्यावरून जाईकडे बघत होती. इराने वाकून नमस्कार केला तेव्हा सविता म्हणाली, "तेल कोमट करून लावत जा गं. हेल्परला सांग." इरा बरं म्हणाली. आत जाताना सविताने एकदाच मागे पाहिलं. अरुणाने हात वर केला.

भाडेकरूने फ्लॅट सोडायला वेळ लावला, पण डिसेंबरात सविता कोथरूडला राहायला गेली. रुचिर रविवारी व्हिडिओ कॉल करायचा आणि जाईला फोनसमोर बसवायचा. उन्हाळ्यात एका लग्नासाठी अरुणा पुण्याला आली. लग्न झाल्यावर एक चहा घेऊन निघू, अशा बेताने ती सविताकडे गेली. घराला नवा रंग दिलेला होता. सविताने गॅलरीत कुंड्या लावल्या होत्या आणि खालच्या मजल्यावरच्या दोन मुली तिच्याकडे गणित शिकायला यायच्या. त्या आल्या की सविता मोठ्याने बोलायची, रागवायची, हसायची. आतल्या खोलीत बसून अरुणाला ते सगळं ऐकू येत होतं.

"आजची रात्र राहा," सविता म्हणाली.

"अहो, असं कसं? विहिणीकडे कुणी मुक्काम करतं का?"

"प्रकाशरावांना फोन करा. डबा लावायची सवय आहे त्यांना."

अरुणा चार दिवस राहिली.