सख्ख्या बहिणीला चिठ्ठी

“किती?” डॉक्टरीणबाईंनी पुन्हा विचारलं. “तो दम्याचा निळा पंप महिन्याला किती लागतो यांना?”

“तीन,” मी म्हणालो. अभिमानानं म्हणालो हो! ताईला कधी कमी पडू दिला नव्हता.

बाईंचं पेन थांबलं. “महिन्याला तीन? अहो, वर्षाला तीन लागले तरी आमच्या पोटात गोळा येतो!”

पंचवीस वर्षं मी औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. ताई गाद्या शिवते. कापसाची धूळ, त्यात दमा जुना. ती आली की मी न विचारता पंप पुढे सरकवायचो. मालक म्हणायचे, “अरे, चिठ्ठी आणायला सांग की तिला.” मी वसकन अंगावर जायचो, “सख्ख्या बहिणीला चिठ्ठी मागू? जनाची नाही, मनाची तरी लाज आहे मला!” चिठ्ठीसाठी तिला डॉक्टरांकडे जावं लागलं असतं. तो हेलपाटा मी वाचवला.

“त्यानं नळ्या घटकाभर उघडतात,” बाई सांगत होत्या. “आतली सूज तशीच वाढत राहते. आणि रोज मारत राहिलं की त्याचाही गुण कमी होतो. सुजेसाठी दुसरा पंप कुणी दिलाच नाही?”

एका डॉक्टरांनी दिला होता, चार वर्षांपूर्वी. “त्यानं लगेच बरं वाटत नाही रे,” ताई म्हणाली होती. आणि मी दीडशहाणा म्हणालो होतो, “मग कशाला घेतेस? स्टिरॉइड असतं त्यात.” अरे देवा, काय करून बसलो मी!

“चिठ्ठीशिवाय इतके पंप देतं तरी कोण?” बाई कडाडल्या.

पलंगावर ताईनं ऑक्सिजनचा मास्क वर केला. ओठ निळसर पडले होते. एकेक शब्द ओढून काढत ती म्हणाली, “मीच... घेते. कुठल्याही... दुकानातून.”

“खोटं आहे,” मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना. “मी दिले. सगळे मीच दिले.”

नर्स मास्क लावायला धावली. ताईनं तिचा हात धरून ठेवला आणि डॉक्टरीणबाईंकडे बघितलं.

“त्याला... रागवू नका हो. लहान आहे तो.”

त्यानंतर ताई कधीच बोलली नाही. मी बावन्न वर्षांचा आहे.